वाकडा माड आणि ढिली दोरी

मित्रांनो, मी एक जुना माड आहे. दाभोळच्या खाडीकाठी, कुलसुमच्या परसात उभा आहे. उभा म्हणजे काय, अर्धा आडवा नि अर्धा उभा! हसा, खुशाल हसा. पण हा बाक मला कसा आला, तेवढं ऐका.

कुलसुमच्या नवऱ्याने, मुसाने, बोटीवर नोकरीला जाण्याआधी मला लावलं. "याला फळ धरलं की पहिलं शहाळं दोघांनी प्यायचं," असं तो तिला म्हणाला. झालं! कुलसुमने मला लेकरासारखं वाढवलं. मुसा रजेवर येऊन परत गेला, तरी मला अजून फळ धरलं नव्हतं.

आणि मग चोपन्न-पंचावन्न सालात एका दुपारी तुफान आलं. माझी अर्धी मुळं तटातट तुटली आणि मी बावेच्या, म्हणजे विहिरीच्या, वाटेवर आडवा झालो. कुलसुम धावत आली. वाऱ्याने मी आणखी फरफटू नये म्हणून तिने माझ्या मानेला सुंभाची दोरी बांधली आणि दुसरं टोक जमिनीतल्या खुंटीला अडकवलं. मला काचू नये म्हणून दोरी मुद्दाम ढिली ठेवली.

मुसाचा धाकटा भाऊ अस्लम म्हणाला, "भाबी, मेला हा. बायका हंडे घेऊन अडखळतात. तोडूया."

"ईद होऊ दे रे," कुलसुम काकुळतीने म्हणाली. "तुझ्या भावाला काय सांगू मी?"

"बरं. ईदेच्या दुसऱ्या दिवशी मात्र ऐकणार नाय."

मी मेलो नव्हतो हो! उरलेल्या मुळांनी माती घट्ट धरली होती. आम्हा झाडांना डोळे नसतात, पण वर कुठे नि खाली कुठे हे अंगातूनच कळतं. आडवं पडलं की कोवळ्या शेंड्याची खालची बाजू जास्त वाढते आणि शेंडा वर वळू लागतो. पण किती हळू! ईदेपर्यंतचे दोन महिने कुलसुम रोज येऊन बघे आणि तिला मी कालच्यासारखाच दिसे. त्यात ती दोरी आवळत चाललेली. शेजारचे माड मजेत डुलत होते. सुपातले ते, जात्यातल्याला हसणारच!

ईद झाली. दुसऱ्या दिवशी सकाळीच अस्लम कुऱ्हाड घेऊन हजर. मला वाटलं, संपलं सगळं.

"थांब, आधी दोरी सोडते," कुलसुम डोळे पुसत म्हणाली. "चांगली दोरी हाय, वाया कशाला?"

गाठ सुटेना. नख तुटलं, तरी सुटेना.

"सरा भाबी." अस्लमने कुऱ्हाड उचलली.

"अरे थांब! ही ताणली कशी? मी ढिली बांधलेली!"

"खुंटी सरकली असेल."

"खुंटी हाय तिथंच हाय. बघ की!"

अस्लम वाकला. त्याने दोरी बोटाने दाबून पाहिली. ती जराही दबेना. मग त्याने माझ्या मानेकडे निरखून पाहिलं.

"या अल्ला! हा उठतोय, भाबी!"

कुऱ्हाड खाली आली. माझा जीव गेलाच होता! पण घाव पडला तो दोरीवर.

अस्लमनेच मग बावेची वाट कडेने वळवली आणि मी सावकाश वर वळत गेलो. पुढे मुसा आला, तेव्हा नारळ काढायला पाडेली बोलवावा लागला नाही. कुलसुमने माझ्या आडव्या बुंध्यावर चढून स्वतःच शहाळं तोडलं. पहिला घोट मुसाने तिलाच प्यायला लावला.

म्हणून सांगतो मित्रांनो, पडलेलं झाड दिसलं की लगेच कुऱ्हाड शोधू नका, त्याला थोडे दिवस द्या. आणि मायेने दोरी बांधलीत, तरी ती अधूनमधून सैल करून बघत जा. माझ्या मानेवर तिचा वळ अजून आहे.