आर्वोचा पाय

मी एका जुन्या मोटारगाडीचा ब्रेकचा पायडल आहे, मित्रांनो. गाडी बघायला लोक येतात, तिच्या चमकत्या नाकापाशी उभे राहून फोटो काढतात. मी मात्र खाली अंधारात असतो. मला बघायला वाकावं लागतं, आणि तेवढी हौस फार थोड्यांना असते.

डेट्रॉईटच्या कारखान्यात मी तयार झालो. लोखंडाचा वाकडा दांडा आणि त्यावर रबराची चकती, एवढाच माझा संसार. तिथून गाडीबरोबर मी मिशिगनच्या उत्तर टोकाला आलो, आर्वो हेकिलाच्या घरी. आर्वो जंगलात लाकूडतोडीला जायचा. तांब्याच्या खाणी बंद पडल्यावर त्या भागात दुसरं काम उरलं नव्हतं. त्याच्या जाड बुटाने माझं रबर उजव्या बाजूला झिजलं. बर्फावर गाडी घसरू नये म्हणून तो मला एकदम कधीच दाबायचा नाही. हलकेच दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. दारावर टकटक करावी तसं. ती सवय त्याला भर उन्हाळ्यातही सुटली नाही. मला त्याचा पाय फार आवडायचा.

तिथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि मीठ लोखंड खातं. म्हणून पहिला बर्फ पडला की आर्वो गाडी शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर चढवायचा. तळ्यावरचा बर्फ फुटला की खाली उतरवायचा. मग पायाखालची सतरंजी उचलून, माझ्या शेजारचं झाकण उघडून ब्रेकचं तेल भरायचा. फळीवरच्या निळ्या बाटलीतून. बायको आयली दारात उभी राहून बघायची.

एका मार्चमध्ये आर्वो तळ्यावर मासे धरायला गेला आणि बर्फ फुटला. लोकांनी त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या उजव्या पायात बूट नव्हता. तो बूट पुढे कधीच मिळाला नाही.

त्या वसंतात आयलीने एकटीने गाडी ठोकळ्यांवरून उतरवली. आर्वो करायचा तस्सं, त्याच क्रमाने सगळं केलं. सतरंजी उचलली, झाकण उघडलं, निळ्या बाटलीतून तेल भरलं. एक थेंब बाहेर सांडला नाही. मग ती चर्चला निघाली.

घरापासून तळ्यापर्यंत लांब उतार आहे. आयली मला दाबत, सोडत खाली आली. तळाशी, अगदी पाण्याच्या काठाशी वळण आहे. तिथे तिने मला दाबलं, पाय उचलला, आणि मी वर आलो नाही.

मित्रांनो, मी खोटं सांगत नाही. माझ्यावर कोणाचाही पाय नव्हता आणि तरी मी दाबलेला होतो. चाकं जागच्या जागी धरली गेली. पाण्यावर धुकं होतं. आयलीने खाली वाकून पाहिलं. मग बराच वेळ ती समोर बघत बसली. हळूहळू, कोणी तरी पाय सोडावा तसा, मी वर आलो.

"आर्वो?" ती म्हणाली.

पुढच्या रविवारी पुन्हा तसंच झालं. त्याच वळणावर. मग ती घरून येताना थर्मासमध्ये कॉफी आणू लागली, वेलदोड्याचा पाव आणू लागली आणि दोन कप आणू लागली. मी खाली अडकलेला असायचो आणि ती बोलायची.

"तुझ्या त्या पास्टरने गेल्या रविवारी पुन्हा झोपवलं सगळ्यांना. शेजारच्या हिल्डाची पोरं तर घोरत होती. आणि ऐक, छत गळतंय. तुला शंभरदा सांगितलं होतं, पण तू माझं ऐकशील तर शपथ."

दुसऱ्या कपातली कॉफी ती निघताना पाण्यात ओतायची. तेव्हा तिचा चेहरा इतका सुखी असायचा, की मला भीती वाटायची. कारण धुक्यातून तो रस्ता कोणालाच दिसत नसे आणि त्याच रस्त्याने ओंडक्यांचे ट्रक उतरत.

एक दिवस ट्रक आलाच. वरून भोंगा ऐकू आला. आयलीने पाय केव्हाच उचलला होता. मी सुटायची धडपड केली, पण वरचं वजन हलेना. ट्रक आमच्या अंगाला घासून दलदलीत शिरला आणि कलंडता कलंडता थांबला. ड्रायव्हर खाली उतरला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"आजी, रस्त्याच्या मधोमध कॉफी पीत बसलात? मेला असता ना तुम्ही!"

आयली शांतपणे म्हणाली, "मी नाही थांबवली. त्याने धरून ठेवलीय."

ड्रायव्हरने मागच्या सीटकडे पाहिलं, तिथे कोणी नव्हतं.

संध्याकाळच्या आत ही गोष्ट ओनीच्या कानावर गेली. ओनी हा आर्वोचा धाकटा भाऊ. गावातल्या जुन्या गाड्या तोच दुरुस्त करतो. तो लगेच आयलीच्या घरी येऊन बसला.

"वहिनी, किल्ली दे. बघतो काय झालंय ते."

"काही झालेलं नाही. गाडीला हात लावायचा नाही."

"अगं, ब्रेक चिकटतोय."

"चिकटत नाही. तो माझ्याजवळ थांबतो. तेवढंच उरलंय मला, ओनी. तेही नेतोस?"

टोपी काढून ओनीने ती गुडघ्यावर ठेवली.

"जूनच्या सणाला तळ्याकाठी होळीसारखा जाळ करतात, तो बघायला हिल्डाच्या पोरांना याच गाडीतून नेणार आहेस ना? त्या वळणावरून? दादा तुझ्याजवळ थांबतो हे मी मानलं. पण मागे पोरं असतील, वहिनी. आणि वरून ट्रक येईल."

कॉफी निवून गेली. मग आयलीने ॲप्रनच्या खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि ती दुसरीकडे बघू लागली.

ओनी माझ्याशेजारी उताणा झोपला. त्याने माझी स्प्रिंग ओढून पाहिली, ती ठणठणीत होती. दांडा जिथे फिरतो तिथला गंज खरवडला, पण तोही अडवण्याइतका नव्हता. मग त्याने झाकण उघडलं, आत बोट बुडवलं, बोटांवर चोळलं आणि वास घेतला.

"वहिनी, यात काय ओतलंस?"

आयलीने निळी बाटली आणून दिली. ओनीने वास घेतला आणि डोळे मिटले. ते लाकूड कापायच्या यांत्रिक करवतीचं तेल होतं. ब्रेकचं तेल संपलं असणार आणि रिकामी बाटली फेकायला आर्वोचं मन धजावलं नसणार, म्हणून त्याने तिच्यातच हे भरून ठेवलं असणार. तिकडची माणसं अशीच आहेत, एक डबा फेकत नाहीत. त्या तेलाने आतली रबरी टोपी दुधात भिजलेल्या पावासारखी फुगली होती. उतारावर दाबून दाबून ब्रेक तापला, की ती आणखी फुगून नळकांडीत रुतायची. निवली की सुटायची. म्हणून नेहमी तेच वळण.

ओनीने काढून दिलेली ती रबरी टोपी आयलीने तळहातावर घेतली.

"म्हणजे मीच," ती म्हणाली. "एवढे दिवस मीच त्याला धरून ठेवलं होतं."

ओनीने सगळं जुनं रबर काढून टाकलं, नळ्या धुतल्या, योग्य तेल भरलं. मला ते सगळं पटलं, मित्रांनो. रबर फुगतं, पायडल अडकतो. पण त्या वळणावर अडकलेला असताना माझ्यावर दाब कमी-जास्त व्हायचा. हलकेच दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. तेलाला असं कोणी शिकवलं, हे ओनीने सांगितलं नाही, आणि विचारायला मला तोंड नाही.

सणाच्या दिवशी पोरं मागे दंगा करत होती. वळणावर आयलीने मला दाबलं, पाय उचलला. मी वर आलो. तिने पाण्याकडे पाहिलं नाही. गाडी पुढे गेली आणि पोरांना काठावरचा मोठा जाळ दिसला.

आता हिवाळा आहे. गाडी ठोकळ्यांवर आहे. दुपारी कधी कधी आयली शेडमध्ये येते, कोट घालूनच सीटवर बसते आणि पाय माझ्यावर ठेवते. दाबते. मग अगदी सावकाश पाय उचलते आणि खाली वाकून बघते.

मी वर येतो. दर वेळी, लगेच.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या यंत्रांची काळजी घ्या आणि बाटलीत काय आहे ते ओतण्याआधी बघा. पण शेडमध्ये कोणी म्हातारं माणूस एकटंच बसलेलं दिसलं, तर दार उघडून त्याच्या शेजारी जाऊन बसा. ते काम मला जमत नाही. मला आता खाली राहताच येत नाही.