पखवाजाच्या पोटातलं हत्यार

“पोखरताना बोलायचं न्हाई, पोरी. हत्यार लाकडाच्या पोटात गेलं की डोळे कामाचे न्हाईत. मंग कानानं बघायचं.”

माझे सासरे नामाजी असं म्हणायचे आणि खरादीवरून हात न काढता मान माझ्याकडं कलती करायचे, म्हणजे आता ऐक. औंढ्याला नागनाथाच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं दुकान, मागं खरादीची, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्राची शेड. कुंकवाचे करंडे, लाटणी, रव्या. माझे मालक लवकर गेले, तेव्हा मामंजींनी मला रडू दिलं आणि मग खरादीपुढं उभं केलं. लोक बोलले. मामंजींनी खरादीचा आवाज मोठा केला.

त्यांच्या हातून एक काम मात्र राहून गेलं. साखरा गावच्या भजनातल्या जळबा बुवांचा पखवाज तडकला होता. त्याचं खोड, म्हणजे लाकडाचं पोकळ पिंप, नवं करून द्यायचा शब्द मामंजींनी दिला होता. करंडा पोखरणं वेगळं आणि खोड पोखरणं वेगळं. खोडाची दोन्ही तोंडं लहान, पोट मोठं, आणि हत्यार हातभर आत जावं लागतं. मामंजींकडं त्यासाठी जुनी आकडी होती, टोकाला वाकवलेली लांब सळई. तिचा दांडा काखेत दाबून धरायचा. एका सकाळी आकडी आत अडकली, ओंडका फिरतच राहिला, आणि मामंजींचं मनगट मोडलं. ओंडकाही फुटला. ते मनगट पुन्हा नीट बसलं नाही.

जाताना त्यांनी त्याच हातानं माझा हात धरला. “जळबाचं खोड राहिलं.”

“मी देईन,” मी म्हटलं.

एवढंच बोलणं झालं. पण ते नागनाथाच्या अंगाऱ्यासमोर झालं होतं.

शिसवीचा दुसरा ओंडका वाळून तयार झाला तो चातुर्मासात. माझं चातुर्मासात मौन असतं, पहाटेपासून सूर्य डोक्यावर येईपर्यंत. तेव्हा भारनियमन इतकं होतं की वीज आमच्याकडं सकाळीच काय ती टिकायची. म्हणजे खराद चालायची तेव्हा मी मुकी, आणि मला तोंड फुटायचं तेव्हा खराद मुकी. धाकटे दीर वसराम दुकान बघायचे. त्यांना याची फार गंमत वाटायची.

“वहिनी, देव बी हुशार हाय,” ते गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे. “कामाच्या टायमाला बाईचं तोंड बंद.”

आकडीला मी हात लावणार नव्हते. नवं हत्यार हवं होतं. हिंगोलीला अंगद नावाचा लोखंडकाम करणारा होता. तो हैदराबादेत खरादीचे कारखाने बघून आला होता आणि पोखरायची हत्यारं बनवून द्यायचा. मी आदल्या दुपारी वसरामभाऊंना म्हटलं, आपण दुपारच्या एसटीनं जाऊ. ते म्हणाले, “दुपारी काहून? सकाळचीच गाडी बरी.” आणि सकाळीच आम्ही निघालो.

अंगदनं फळीवर दोन प्रकार मांडले. एक बारीक, देखणा संच. आखूड दांड्या, गुळगुळीत मुठी. दुसरं हत्यार दिसायला ओबडधोबड होतं. माझ्या अख्ख्या हाताहून लांब, जाड लोखंडी दांडी, आणि तिला अडकवायला खरादीच्या मागं बसणारा पिंजरा. पिंजरा म्हणजे दोन आडव्या सळया. दांडीचं शेपूट त्यांच्या मधून सरकतं, पण पलटी खात नाही.

“टोक अडकलं तर झटका पिंजऱ्याला बसतो,” अंगद म्हणाला. “मनगटाला न्हाई.”

मी दांडीवर हात ठेवला.

वसरामभाऊ हसले. “अरे, ते पहिलवानाचं काम हाय. आमच्या वहिनी उपासतापास करून सळईवानी झाल्या. हे बारीकवालं बांध. करंड्याला बराबर हाय.”

मी मान आडवी हलवली, बोटानं दांडी दाखवली.

“बोला ना मंग,” ते म्हणाले. “एका शब्दानं का तुमचा देव रुसतो?”

मी दांडीवरचं बोट काढलं नाही.

“बघ, गप हाय. म्हंजे व्हय म्हनलं,” त्यांनी अंगदला सांगितलं. “बांध.”

अंगदनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि बांधलं. आम्ही स्टँडवर आलो. औंढ्याची गाडी लागली होती. वसरामभाऊ आत चढून जागेवर रुमाल टाकत होते. मी खाली उभी होते, पिशवी हातात. सावली आखडत आखडत पायाशी आली. मी हात जोडले, नागनाथाचं नाव घेतलं, आणि मग बोलले.

“भाऊजी, उतरा. हत्यार बदलायचंय.”

“आता? गाडी निघून राहिली.”

“निघू द्या.”

मी वळले. मागून त्यांचे बूट वाजत आले. अंगद भाकरी सोडून उठला. मी म्हटलं, जेवून घ्या आधी. तो म्हणाला, जेवण कुठं जातंय. हिंगोलीत त्या दिवशी वीज होती. त्यानं आपल्या खरादीवर बाभळीचा ठोकळा चढवला.

आधी मी बारीक हत्यार धरलं. तोंडापाशी ते लोण्यासारखं चाललं. वसरामभाऊ म्हणाले, “काय वाईट हाय?” मी आणखी आत गेले, तशी दांडी थरथरायला लागली. लाकडातून दात खाल्ल्यासारखा आवाज निघाला. मग पिंजरा लावला. दांडी जड होती, पण तिचं ओझं मला उचलायचं नव्हतंच. ते लोखंड लोखंडावर टेकलं होतं. मी फक्त वाट दाखवत होते.

“एक सांगतो, बाई,” अंगद म्हणाला. “ह्याच्यात एक तकलीफ हाय. हाताला काई कळत न्हाई. भिंत किती राह्यली, ते दांडी सांगत न्हाई. लोकांनी भोकं पाडलेत.”

“ते कानाला कळेल.”

“आईका,” वसरामभाऊ म्हणाले. “कानाला म्हणे. आन जळबा बुवा ते खोड घेतील काय? कीर्तनातला पखवाज, आन विधवेच्या हातचा. चार लोकं काय म्हणतील?”

आवाज चढवायची मला सवय नाही. मी पिंजऱ्यावरचा भुसा पुसला.

“जे म्हणायचं ते पखवाज वाजल्यावर म्हणू द्या. मामंजींनी शब्द दिला तेव्हा त्या चार लोकांना विचारलं नव्हतं.”

“मी बुवाला निरोप धाडतो, नांदेडाहून तयार घ्या म्हणून.”

“धाडा. मी खोड करणारच.”

अंगदनं बारीक संच परत फळीवर ठेवला. मोठ्या हत्याराच्या बदल्यात त्याच्या हत्यारांना लाकडी मुठी कातून द्यायच्या, असं आमचं ठरलं. पिंजरा दोघांनी धरल्याशिवाय गाडीत चढेना. एक टोक मी धरलं. दुसरं कोण धरणार, म्हणून शेवटी वसरामभाऊंनीच धरलं, आणि कंडक्टरला सांगितलं की हे पाळण्याचं सामान आहे.

मग सकाळी स्नान, नागनाथ, आणि खराद. ओंडक्याचं बाहेरचं अंग आधी उतरवलं. आत शिरले तेव्हा आवाज दबका होता, भरल्या घागरीसारखा. रोज थोडं थोडं पोखरायचं, फुंकायचं, पुन्हा आत. भिंत पातळ होत गेली तसा आवाज मोकळा होत गेला. शेजारच्या चतुराबाई शेडच्या दारात येऊन काही विचारायच्या, आणि मी उत्तर देत नाही हे आठवलं की स्वतःच उत्तर देऊन जायच्या.

दुसऱ्या तोंडाकडून पोखरताना टोक अडकलं. धाडकन आवाज झाला, पट्टा घसरला, ओंडका जागीच थांबला. वसरामभाऊ दुकानातून धावत आले. माझा हात दांडीवर तसाच होता. त्यांनी माझ्या मनगटाकडं पाहिलं, मग पिंजऱ्याकडं. वाकलेल्या सळईवरून त्यांनी अंगठा फिरवला. त्यांच्या बापाचं मनगट मोडलं तेव्हा ते इथंच उभे होते.

“सळई बदलून आणतो,” ते म्हणाले. पण दारातून वळून म्हणालेच, “साखऱ्याची माणसं परत धाडतील, लिहून ठिवा.”

खोड पुरं झालं. चामड्याची वादी आणि तोंडावरच्या पुड्या चढवायचं काम बुवांच्या माणसाचं. माझं काम लाकडाचं. मी पोटात तोंड घालून नागनाथाचं नाव हळूच घेतलं, तेव्हा ते नाव दुसऱ्या तोंडातून जरा मोठं होऊन निघालं.

चातुर्मास सरायच्या आतच मी ते नेलं. आंघोळ झाली, अंगारा लावला, एक बोट खोडालाही लावलं. धुतलेल्या लुगड्यात गुंडाळून खांद्यावर घेतलं. दुकानाच्या फळ्या काढता काढता वसरामभाऊ थांबले.

“दुपारी जा ना, वहिनी. तिथं कोनी बोललं तर उलटं बोलता तरी येईल.”

मी खांद्यावरच्या खोडावर दोन बोटं वाजवली, म्हणजे हेच बोलेल, आणि चपला घातल्या.

“परत धाडलं तर?”

मी त्यांच्याकडं पाहिलं.  मग ते पुढं आले, लुगड्याची सुटलेली गाठ त्यांनी घट्ट केली, आणि बाजूला झाले.

हिंगोलीला गाडी बदलून साखरा. मी स्टँडचा रस्ता धरला.