आत राहिलेली रिंग

मी आत राहिलेली रिंग बोलतेय. तीन आठवडे बोलत होते, पण ऐकलं कुणी नाही. गाडीखाली रोज तेलाचा डाग पडत होता. मी ठिबकून ठिबकून सांगत होते, अहो, मी इथं आहे, मला काढा. बाईमाणूस बोललं तर कटकट, आणि रबर बोललं तर गळती. खरं कुणाला वाटतं?

मी काळ्या रबराची, बांगडीएवढी. इंजिनाचं तेल गाळायला पत्र्याचा एक डबा असतो, त्याला फिल्टर म्हणतात. त्याच्या तोंडाशी मी बसते. आतलं तेल आत ठेवायचं, एवढंच माझं काम. वर्षभर मी थेंब सांडू दिला नाही, तेव्हा माझं नावही कुणाला माहीत नव्हतं. घर नीट चाललं की चालवणारी दिसत नाही, तसंच हे.

गाडी सिस्टरबाईंची. बाई दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीत नर्स. गाडी चालवायचे ड्रायव्हरकाका, गेली अकरा वर्षं. बाईंचे यजमान रिटायर होऊन घरी बसलेले, म्हणजे सगळ्यांना सूचना द्यायला मोकळे.

एका रविवारी जावई आला आणि मोबाईलवर बघून गाडीचं तेल बदलतो म्हणाला.

काका म्हणाले, "गॅरेजला नेऊन आणतो की."

"इंजिनियर माणूस आहे तो. तुम्ही नका शिकवू त्याला," यजमान म्हणाले.

इंजिनियर होता, पण पुलांचा. असो. त्यानं जुना फिल्टर फिरवून काढला. वर्षभराच्या उष्णतेनं मी इंजिनाला चिकटलेली. डबा गेला, मी मागं राहिले. त्यानं मान वर केली असती तर दिसले असते, पण तो काळे झालेले हात सासऱ्याला दाखवत फोटो काढून घेत होता. मग नवा फिल्टर आला, स्वतःची कोरी रिंग घेऊन, आणि तो माझ्यावरच आवळला. एका खुर्चीत सासू आणि सून. दोघी भल्या असल्या तरी बसायचं कसं? चार दिवसांत आम्ही सरकलो, आणि तेल वाट काढून निघालं.

डाग दिसला तसे यजमान काकांवर घसरले. "दगडावर घातलीत गाडी. खालचं तेलाचं भांडं फुटलंय."

"मालक, खाली खरचटलेलंसुद्धा नाही. वाकून बघा."

"मला गुडघे आहेत. तुम्हीच वाका आणि कबूल करा."

काका कबूल होईनात. यजमानांनी सांगून टाकलं, एक तारखेपासून दुसरा माणूस बघतो. त्या दिवशी काकांनी किल्ली हातात दिली नाही, टेबलावर ठेवली आणि घरी गेले.

महिना संपायला दोन दिवस होते, तेव्हा बाईंनी गाडी मेकॅनिककडे नेली. यजमान आणि काका, दोघांना मागच्या सीटवर शेजारी शेजारी बसवलं आणि स्वतः चालवत नेली.

मेकॅनिक म्हणाला, "तेल वरून खाली येतं. खाली भिजलं म्हणून खालीच फुटलं असं नसतं." त्यानं इंजिन धुतलं, वाळवलं आणि तान्ह्या बाळाला लावतात तशी पावडर थापली. दहा मिनिटं चालू ठेवलं. पांढऱ्यावर एक काळी रेघ उतरली, ती थेट फिल्टरच्या तोंडापासून. खालचं भांडं धड होतं.

त्यानं फिल्टर काढला, आणि पटाशीसारखा स्क्रूड्रायव्हर घालून मला सोलून बाहेर आणलं. "दोन रिंगा. जुनी काढलीच नाही. कुणी बसवला हा?"

यजमान छताकडे बघायला लागले. "मोबाईलवर हल्ली काहीही दाखवतात." मग म्हणाले, "रबरच हलकं असेल."

मी हलकी. ऐका.

काका बुटांकडे बघत राहिले. नोकरी जात होती, तरी घरच्या जावयाचं नाव घेईनात.

बाईंनी मला तळहातावर घेतलं. "आमच्याकडे पोट शिवायच्या आधी बोळान् बोळा मोजतात. आत काही राहिलं तर ज्याचा हात, त्याचं नाव लिहायचं. मग तो कितीही मोठा डॉक्टर असो."

"अगं, पण मुलीला काय वाटेल?"

"वाटू दे. काकांना तीन आठवडे काय वाटलं, ते विचारलंत कधी?" असं म्हणून बाईंनी किल्ली काकांच्या हातात दिली आणि स्वतः मागं जाऊन बसल्या.

आता नवी रिंग एकटी बसलीय, सुखात आहे. मी चपटी, कडक, बिनकामाची, गाडीच्या शेडमध्ये खिळ्यावर लटकतेय. यजमान मला गुपचूप खिशात घालतात, बाई शोधून परत अडकवतात. माझं मागणं एवढंच आहे, नवं बसवायच्या आधी जुनं मोजा. आणि गळती लागली की लगेच खालच्याकडे बोट करू नका, आधी वर बघा.

बाईंनी मला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधलीय. त्यावर तारीख आहे. खाली लिहिलंय, 'आत राहिली: एक रिंग.' आणि त्याखाली 'हात कोणाचा' याच्यापुढं, मान राखून, सबंध लिहिलंय: जावईबापू.