आमेलियाची हातगाडी

माजरीच्या खाणीत कंत्राटदाराकडचं काम सुटलं, तेव्हा रोशन डंपर दुरुस्तीच्या कामावर मोझांबिकला गेला. तिथंही कोळशाच्याच खाणी. "धूळ तीच हाये, फक्त भाषा येत नाई," असं तो फोनवर हसत सांगायचा. इकडे त्याची बायको दिव्यानी सासूला सांभाळत अंगणवाडीत जायची. दोन वर्षं बरी गेली.

मग तिथं निवडणूक झाली. निकाल लागला तसे लोक रस्त्यावर उतरले. आमची मतं चोरली म्हणत त्यांनी चौकाचौकात टायर पेटवले. काही दुकानं फुटली, उरलेली बंद झाली.

"चार दिवस झाले, पाव नाई, पीठ नाई," रोशन फोनवर म्हणाला. "शेजारची आमेलिया मक्याचं काहीतरी शिजवते, त्यातलंच मले देते. तिच्याच घरी पुरत नाई, तरी देते."

"तुमी बाहेर जाऊ नका."

"जाऊ कुठी? रस्तेच बंद हायेत."

बोलताना त्याचे दात वाजत होते. "थोडा ताप हाये," म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून फोन लागेना. तिथलं नेटवर्कच बंद पडलंय, हे तिला बातम्यांतून कळलं.

सहा दिवस ती फोन लावत राहिली. अंगणवाडीत लेकरांना खिचडी वाढतानाही फोन कमरेला खोचलेला. सासू गुणाबाई सुरुवातीला विचारायची, "लागला का?" मग तिनं विचारणंही सोडलं.

सातव्या दिवशी दुपारी तिथलं नेटवर्क जरा वेळ आलं आणि फोन आला, पण आदेशचा. हा बल्लारपूरचा, रोशनसोबतच कामाला होता.

"वहिनी, रोशनभाऊ गेला."

मलेरिया डोक्यात चढला होता. पेट्रोलच नव्हतं, गाडी कोण आणणार? आमेलियानं भाजी विकायची आपली हातगाडी रिकामी केली, वर पांघरूण अंथरलं, आणि ती नि आदेश त्याला दवाखान्यात न्यायला निघाले. पहिल्या अडथळ्यावर लोकांनी टायर बाजूला सारून वाट दिली. दुसऱ्यावर हातापाया पडावं लागलं. तिसऱ्याजवळ गोळ्या सुटल्या. कोणी झाडल्या कोण जाणे. तिघं एका भिंतीआड तीन तास पडून होते. दवाखान्याचं छत तिथून दिसत होतं.

"पाणी मागितलं त्यानं. आमेलियानं पाजलं. मंग..." आदेश म्हणाला.

विमानं बंद होती. शवागारात वीज नव्हती, काय ते आजच ठरवायचं होतं. "जाळाले लाकूड मिळत नाई, वहिनी. माती द्यावी लागंल. तुमी सांगा."

गुणाबाई शेजारी उभी राहून सगळं ऐकत होती. "माह्या लेकाले परक्या मातीत घालू नको," ती म्हणाली. "घरी आण त्याले."

"कसं आणू, आत्याबाई? रस्ताच नाई."

"मले नको सांगू."

दिव्यानीनं डोळे मिटले. "द्या माती, भाऊजी."

गुणाबाई आत गेली आणि तिनं कडी लावून घेतली. त्या दिवसापासून ती सुनेशी बोलली नाही.

दहाव्याला सगळे मार्कंड्याला वैनगंगेवर आले. देह नव्हता, म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा केला. चुलत दिरानं अग्नी दिला. पानं ओली होती, धूरच फार झाला. विधी आटोपल्यावर दोघी काठावर बसल्या. आदेशनं काल सांगितलेलं दिव्यानीच्या पोटात राहत नव्हतं.

"आमेलिया घरी परतली, तं तिचा मालक नव्हता," ती नदीकडे बघत म्हणाली. "पावाच्या रांगेत उभा होता. तिथंच गोळी लागली."

गुणाबाईची मान वळली. "कधी?"

"त्याच दिवशी."

"आपल्या रोशनले नेऊन राह्यली होती तवा?"

"हो."

गुणाबाईनं विचारलं, "काय नाव होतं त्याचं?"

दिव्यानीला माहीत नव्हतं. आदेशनं सांगितलं नव्हतं, तिनंही विचारलं नव्हतं. तिनं तिथल्या तिथं फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला.

"राहू दे," म्हणत गुणाबाई उठली. घोटाभर पाण्यात जाऊन तिनं ओंजळ भरली. "आमेलियाच्या मालकाले," ती म्हणाली आणि पाणी सोडलं.

परतीच्या बसमध्ये मागं जागा रिकामी होती, तरी ती सुनेशेजारीच बसली.