मला न शिवलेला गोल

मित्रांनो, मी फुटबॉलच्या गोलची एक जुनी जाळी आहे. एका कारखान्यात दोन बहिणींनी गप्पा मारत मारत माझ्या गाठी मारल्या, आणि मी एका छोट्या कॉलेजच्या मैदानावर आले. तिथला फुटबॉल संघ तेव्हा नुकताच जन्मला होता. ग्रंथपाल सर त्याचे प्रशिक्षक झाले, कारण ऑफसाइड म्हणजे काय ते अख्ख्या कॉलेजात त्यांनाच ठाऊक होते.

पहिल्या वर्षी संघ नऊ सामने खेळला आणि नऊही हरला. गोलकीपरला सगळे ‘दरवाजा’ म्हणत, कारण तो सताड उघडा असे. प्रत्येक गोल माझ्या अंगावर आदळे. सामना संपला, की दरवाजा गुपचूप सुतळी घेऊन यायचा आणि माझे तुटलेले धागे सांधायचा. “माझ्यामुळे मार खातेस गं बाई,” असे पुटपुटायचा. खरे सांगते, माझे कौतुक झाले ते तेवढेच.

दुसऱ्या वर्षीही विजय नव्हताच. त्यात दरवाजाचा गुडघा मोडला. तो घरी गेला तो परतलाच नाही. मग मला कोणी उतरवून ठेवीना. उन्हापावसात मी खांबांवर कुजत राहिले. खालच्या कोपऱ्यात बोटाएवढे भोक पडले, मग मुठीएवढे, मग डोके जाईल एवढे.

तिसऱ्या वर्षी प्राचार्यबाईंनी बजावले, “एक तरी सामना जिंका, नाहीतर संघ बंद.”

शेवटच्या सामन्याच्या सकाळी सरांना ते भोक दिसले. “अरे, हे कुणीतरी बांधा रे!” ते म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि सगळे आपापले बूट बांधायला बसले.

उत्तरार्धात आमची मुले माझ्या दिशेने खेळत होती. शेवटच्या मिनिटापर्यंत दोन्हीकडे एकही गोल नाही. मग आमच्या संघातल्या काटकुळ्या ‘काडी’ने लांबून फटका मारला. चेंडू खांबाला घासून आत आला आणि थेट त्या भोकातून मागे निघून गेला. मला शिवलासुद्धा नाही. धापा टाकत आलेल्या पंचांना तो माझ्यामागे गवतात दिसला. त्यांनी बाहेर गेल्याची खूण केली.

“सर, गोल आहे! आईशपथ, आतून गेलाय!” काडी रडत ओरडला.

“मला बाहेर दिसला. विषय संपला,” पंच म्हणाले.

समोरच्या संघाच्या गोलकीपरला सगळे माहीत होते. त्याने एकवार माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घालून चेंडू उचलला.

ग्रंथपाल सर वाद घालायला गेले नाहीत. ते माझ्यापाशी आले, भोकात हात घातला आणि म्हणाले, “आपलंच चुकलं.”

बरोबरीला कोणी विजय म्हणत नाही. संघ बंद झाला. मैदानावर आता गाड्या उभ्या राहतात. मला कॉलेजमागच्या भाजीच्या वाफ्यावर पसरले आहे, पाखरे येऊ नयेत म्हणून. ती येतातच. काडी कधी तिथून जातो, पण माझ्याकडे बघत नाही.

मित्रांनो, आता मला कोणी सांधले तरी तो गोल मोजला जाणार नाही. पण तुमच्या मैदानावर माझ्यासारखी कोणी असेल, तर खेळापूर्वी तिच्यावरून एकदा हात फिरवा. आम्ही कुठे फाटलो आहोत, ते आम्हाला ओरडून सांगता येत नाही.