कपाटातली गस्त

आमच्या ठाण्याचं नाव सांगत नाही. पनवेलच्या आसपास आहे, एवढं पुरे. नवे वरिष्ठ निरीक्षक देवस्थळी साहेब आले आणि गस्तीत क्रांती झाली. हद्दीत चाळीस ठिकाणी क्यूआर कोडचे स्टिकर लागले. हवालदाराने तिथे जाऊन मोबाइलवर स्कॅन केलं, की साहेबांच्या स्क्रीनवर हिरवा ठिपका.

ठिकाणं चाळीस, गस्तीला माणसं सात. हे सांगायला गेलं की साहेब म्हणत, "प्रॉब्लेम नको, सोल्यूशन आणा."

आणलं. चाळीसही कोडच्या झेरॉक्स काढून रेकॉर्डच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवल्या. चहा पिता पिता गस्त होऊ लागली. आमचं ठाणं आयुक्तालयात पहिलं आलं आणि शुक्रवारी साहेबांचा सत्कार ठरला.

बुधवारी साळू आली. सुकापूरकडच्या वाडीवरची, बांधकामावर विटा वाहणारी. हात गळ्यात बांधलेला. आदल्या दिवशी चार वाजता ती पाणी प्यायला टेकली, म्हणून मुकादमाने साइटच्या गेटवर फावड्याच्या दांड्याने तिचं मनगट मोडलं होतं.

साहेबांनी स्क्रीन पाहिली. "चार वाजून पाच मिनिटांनी त्याच गेटवर आपली हवालदार होती. सुनीता. तिने काही कळवलं नाही. म्हणजे बाई खोटं बोलते. घालवा."

ती सुनीता मीच. चार वाजता मी ठाण्यात बसून साहेबांचं शुक्रवारचं प्रेझेंटेशन करत होते. विषय, परिणामकारक गस्त.

"बाय, तिथं पोलीस कोन नव्हता," साळू मला म्हणाली. "तुमी लिवून नाय घेतलं तर तो उद्या दुसरा हात मोडंल. तसं बोललाय तो."

दोन महिन्यांत मी सहायक फौजदार होणार होते. अठ्ठावीस वर्षांनी खांद्यावर एक स्टार! पण साळूचा बांधलेला हात बघून लाज वाटली. मी उठले आणि कपाट उघडलं.

साहेब झेरॉक्सकडे बघत राहिले. "हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"तुम्ही सोडून सगळ्यांना, सर. चहावाल्यालासुद्धा."

त्यांनी दार हळूच लावलं. "शुक्रवारनंतर बघू."

"आणि तोवर हिचा दुसरा हात तुम्ही सांभाळणार?"

साहेबांनी फाइल उघडली. उलटी. मी साळूचा जबाब लिहून घेतला, मग त्याखाली माझाही: 'घटनेच्या वेळी मी गेटवर नव्हते, ठाण्यात होते. नोंद खोटी आहे.' खाली पूर्ण सही केली. स्टार गेला, हे तेव्हाच कळलं.

"तुमाला तरास होल ना, बाय?" साळूने विचारलं.

"होईल."

गुन्हा नोंदवून मी साइटवर गेले. मुकादम गेटवरच खुर्ची टाकून बसला होता. मला बघून उठलासुद्धा नाही.

"मॅडम, रस्ता चुकलात काय?" तो हसला. "दोन वर्षं हाय मी इथं. पोलीस आज पयल्यांदा बगतोय."

मी त्याला गाडीत बसवलं. सगळ्या प्रकरणात साळूनंतर पहिल्या फटक्यात खरं बोललेला तो दुसरा माणूस, आणि त्याच भरवशावर त्याने तो दांडा उचलला होता.