वनमालाबाईंचा पाचवा चेहरा

वनमाला साटम यांच्या माहेरी आणि सासरीही एक रीत होती. कुणी 'कसं काय?' विचारलं की 'बरं चाललंय' म्हणायचं. वाईट चाललं असेल तर ते लोकांना कशाला सांगा, आणि चांगलं चाललं असेल तर दृष्ट लागेल! म्हणून सुनेनं त्यांच्या मोबाईलमध्ये ते ॲप घातलं आणि त्यानं पहिल्याच संध्याकाळी 'आज कसं वाटतंय?' असं विचारलं, तेव्हा वनमालाबाईंनी समोरच्या पाच चेहऱ्यांपैकी मधला दाबला. तो ना हसत होता, ना रडत होता. अगदी घरचा वाटला.

पुढेही रोज तोच. गुडघे दुखले तरी मधला, नातवाला बक्षीस मिळालं तरी मधला.

"काकू, हा आलेख आहे की इस्त्री केलेली चादर?" डॉक्टर चेतना एकदा म्हणाल्या. "खरं लिहा. तुमचं मन कधी वर जातं, कधी खाली येतं, ते मला वेळेवर कळायला नको?"

ॲप डॉक्टरांनीच सुचवलं होतं. वनमालाबाईंना दोन टोकांचा आजार. तीन वर्षांपूर्वी गणपतीच्या तोंडावर त्यांचं मन असं काही उंच उडालं की रात्र रात्र त्या भांडी घासत बसायच्या, पहाटे गाणी म्हणायच्या, आणि एके दुपारी मुलाचं, सुयोगचं, कार्ड घेऊन बिल्डिंगमधल्या झाडून सगळ्या बायकांना पैठण्या घेऊन आल्या. गौरी गेल्या आणि मन जे धाडकन आपटलं, ते उचलायला इस्पितळ, गोळ्या आणि जवळजवळ अख्खं वर्ष लागलं. तेव्हापासून घरात सगळे त्यांच्याकडे गॅसवर ठेवलेल्या दुधाकडे बघावं तसे बघत.

यंदा गौरी-गणपती पंधरवड्यावर आले असताना दुसऱ्या मजल्यावरची चंपा दारात उभी राहिली.

"वनमाला, फुगडीची गाणी या वर्षी तूच सांगायचीस."

"मी?"

"मग काय तुझा नवरा? गेली दोन वर्षं आम्ही स्पीकर लावून फुगड्या घालतोय. तो मेला मध्येच जाहिरात लावतो! आम्ही हात धरून गरगर फिरतोय आणि तो सांगतोय, गृहकर्ज घ्या."

वनमालाबाई पोट धरून हसल्या. कुणीतरी आपल्याला काही करायला सांगितलंय, 'तुम्ही बसा' म्हटलं नाही, ही गोष्टच त्यांना किती दिवसांत घडल्याची आठवत नव्हती. दोन दिवस त्यांनी तरीही मधलाच चेहरा दाबला. तिसऱ्या संध्याकाळी ॲपनं विचारलं, 'आज कसं वाटतंय?' त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि पाचवा, दात दाखवून हसणारा चेहरा दाबला.

पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उधळले. 'शाब्बास!' असं लिहून आलं.

आता एवढं उघड उघड हसल्यावर बंदोबस्त नको का? त्यांनी मूठभर मीठ-मोहरी घेतली, मोबाईलवरून सात वेळा ओवाळली आणि तव्यावर टाकली. मोहरी तडतडली. त्यांचे यजमान सीतारामकाका पेपरमधून डोकं वर काढून म्हणाले, "मोबाईलाक काय झाला गो?"

"काही नाही. हसला."

पण मीठ-मोहरीचा इलाज ॲपला माहीत नव्हता. इतके दिवस मधला चेहरा आणि आज एकदम पाचवा, हे पाहून त्यानं शाब्बासकी दिली होती खरी, पण त्याच दमात 'मनःस्थितीत अचानक मोठा बदल' असा निरोप श्वेताला, त्यांच्या सुनेला, पाठवून दिला. ती तेव्हा अंधेरीला ऑफिसात होती.

फोन आला. "आई, बऱ्या आहात ना?"

"बरी नाही गं. खूप छान आहे!"

श्वेतानं तडक सुयोगला फोन लावला.

अर्ध्या तासात सुयोग घरी. हातात शहाळं. वनमालाबाईंनी तो मोठा झाल्यापासून त्याला कधी शहाळं आणताना पाहिलं नव्हतं. मागोमाग श्वेता आली. सुयोगनं फ्रीजवरचं आपलं पाकीट गुपचूप खिशात घातलं. मग "आई, मोबाईल दे, अपडेट करून देतो" म्हणत त्यातलं खरेदीचं ॲप काढून टाकलं. सीतारामकाकांनी टीव्हीचा आवाज इतका कमी केला की बातम्या देणारी बाई नुसतीच ओठ हलवू लागली.

"झालं तुमचं?" वनमालाबाई म्हणाल्या. "का आता दाराला कुलूपही लावताय?"

"आई, तसं नाही गं..."

"मग कसं? रडत होते तेव्हा म्हणालात, आई हस. आता हसले तर म्हणता, आई डॉक्टर! माणसानं आनंदी कधी व्हायचं रे? तुमच्या सुट्टीच्या दिवशी?"

सुयोगनं शहाळं आईपुढे सरकवलं. श्वेता मात्र जवळ येऊन बसली.

"आई, मला भीती वाटते. त्या वेळी आम्हाला कळलंच नव्हतं. तुम्ही पहाटे गाणी म्हणायचात तेव्हा आम्ही टाळ्या वाजवत होतो."

वनमालाबाई मोबाईल घेऊन स्वयंपाकघरात गेल्या.

तिथे ॲपचा दुसरा प्रश्न वाट बघत होता. 'काल रात्री किती झोप झाली?'

या प्रश्नाचं त्यांचं गणित सोपं होतं. दिवा बंद केल्यापासून दूधवाल्यापर्यंत, ती सगळी झोप. आपण अंथरुणात होतो ना? मग! पण चंपा येऊन गेली ती परवा दुपारी. त्यानंतरच्या दोन्ही रात्री अंथरुणात वनमालाबाईंचं फक्त अंग होतं. डोक्यात एका गाण्याला दुसरं, दुसऱ्याला तिसरं जोडलं जात होतं. काल तर मध्येच उठून त्यांनी वाटाणे भिजत घातले, डबे पुसले, आणि तरी सकाळी थकवा म्हणून नव्हता. साक्षीदार एकच, सीतारामकाका, आणि ते घोरत होते.

म्हणजे ठरवायचं त्यांनाच होतं. खरं लिहिलं, तर फुगडी गेली असं समजा. 'तुम्ही बसा' पुन्हा सुरू. खोटं लिहिलं, तर ॲप गप्प, घर गप्प, आणि गाणी आपलीच. पण त्या उंचावर मागच्या वेळी पोचलो तेव्हाही असाच थकवा नव्हता, हे इतर कुणाला नसलं तरी त्यांना पक्कं आठवत होतं. तिथून पडताना लागतं किती, तेही.

त्यांनी खरं लिहिलं. दोन तास.

या वेळी रंगीत कागद उडाले नाहीत. 'डॉक्टरांशी बोलायचं का?' एवढंच आलं.

"आता कसा शहाण्यासारखा बोललास," त्या पुटपुटल्या. बाहेर येऊन सगळ्यांसमोर त्यांनी स्वतःच नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. पाचवा चेहरा, वाटाणे, डबे, सगळं सांगून टाकलं. वाटाण्यांचं ऐकून सीतारामकाका चपापले. सकाळी उसळ त्यांनी दोनदा मागून खाल्ली होती.

"काकू, तुमच्या आनंदाची मला काळजी नाही," डॉक्टर चेतना म्हणाल्या. "झोप पळाल्याची आहे."

"फुगडी बंद का?" वनमालाबाईंचा आवाज शाळेतल्या मुलीसारखा बारीक झाला होता.

"उद्या सकाळी या. रात्रीची गोळी बघू. तालीम करा, पण जेवणाआधी संपवायची. दुपारनंतर चहा नाही. आणि इतकं करून झोप परतली नाही, तर गाणी दुसरं कुणीतरी सांगेल. कबूल?"

"कबूल."

"म्हणजे माझो चाय पण बंद?" सीतारामकाकांनी विचारलं.

"तुम्ही प्या, काका. तुमचं घोरणं मला एरवी फोनवरसुद्धा ऐकू येतं."

गोळी वाढली. पहिले दोन दिवस वनमालाबाई सकाळी उशिरापर्यंत जड डोक्यानं बसून राहिल्या, आणि गाणी आठवेनात म्हणून चिडल्या. मग झोप हळूहळू वळणावर आली आणि गाणीही आली, पण एका वेळी एकच, रांगेत उभी राहिल्यासारखी.

गौरींच्या आदल्या संध्याकाळी तळमजल्यावरच्या हॉलमध्ये तालीम अशी रंगली की बायका थांबायला तयार होईनात.

"एक शेवटची गं, वनमाला!" चंपा घामाघूम होऊन ओरडली.

"शेवटची तू सांग."

"मला कुठे येतात?"

"त्या स्पीकरला तरी कुठे येत होत्या? सांग. मी जेवायला चालले."

"नाटकं करू नकोस! घटकाभर थांबलीस तर काय बिघडतंय?"

"माझं बिघडतं," वनमालाबाई म्हणाल्या. हे बोलणं इतकं सरळ निघालं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. त्यांनी पदर खोचलेला सोडला आणि निघाल्या.

पहिल्या जिन्याच्या वळणावर त्यांचे पाय थबकले. खाली चंपानं गाणं सुरू केलं होतं, तेही वरच्या पट्टीत, आणि सासूच्या कडव्याआधी नणंदेचं कडवं घेऊन. वनमालाबाईंचा हात कठड्यावर घट्ट झाला. दोन पावलं खाली गेलं की झालं, गाणं सुधारता येईल. पण मग दुसरं सुचेल, मग तिसरं, आणि पहाटेपर्यंत डोक्यात फुगड्या चालतील.

"अगं, सासू आधी," त्या जिन्याच्या भिंतीला म्हणाल्या, "नणंद मागाहून."

खाली सगळ्या बायकांनी नणंदेचंच कडवं उचलून धरलं होतं आणि मोठमोठ्यानं हसत होत्या. वनमालाबाई वर जेवायला गेल्या.